नुकतंच बायबल हाती घेतलंय? वचनानं मन बदलावं आणि प्रेम करता यावं म्हणून कसं वाचायचं, ते पायरी-पायरीनं

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्यानं येणारी माणसं थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतात. कुणी बाप्तिस्म्याच्या तयारीत असतं. कुणी ख्रिस्ती घरात जन्मलेलं असतं, पण शास्त्र मनापासून वाचायला आत्ता कुठे बसलेलं असतं. प्रश्न असा: "शेजाऱ्यावर प्रेम करा, शत्रूवरही करा, हे पटतं हो. पण आतून येतच नाही. मग करायचं काय?"

मीही ह्यातून गेले आहे. त्या वेळी कुणी क्रमानं समजावून सांगितलं असतं तर पुष्कळ गोंधळ टळला असता. तो तुमचा टळावा म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्या पायऱ्या ज्यावर उभ्या आहेत ती गोष्ट आधी सांगते. ख्रिस्ती विश्वासात प्रेम आधी मिळतं, मग देता येतं. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१९, म्हणजे चौथा अध्याय, एकोणिसावं वचन) हे स्वच्छ लिहिलंय: आपण प्रेम करतो, कारण त्यानं आधी आपल्यावर प्रेम केलं. नवा माणूस हा क्रम उलटा धरतो. आधी मी सुधारेन, सगळ्यांशी गोड वागेन, मग देव मला जवळ करेल, असं त्याला वाटतं. चार आठवडे तो दात-ओठ खात गोड वागतो आणि मग घरातल्याच कुणावर तरी फाडकन ओरडतो. मग म्हणतो, "हे आपल्याच्यानं व्हायचं नाही." खरंच आहे, आपल्या जोरावर ते व्हायचं नाहीच. यहेज्केल संदेष्टा बाबेलला कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना देवाचा निरोप सांगतो (३६:२६), त्यातली सगळी क्रियापदं देवाच्या बाजूची आहेत: मी तुम्हाला नवं हृदय देईन, दगडाचं हृदय काढून टाकीन, मांसाचं देईन. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो (५:५) की देवाचं प्रेम पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्या हृदयात ओतलं गेलं आहे. वचन वाचणं म्हणजे ते ओतून घ्यायला बसणं.

काय काय लागेल

एक बायबल, समजेल अशा मराठीतलं. बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं भाषांतर बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाचतात. ते जड वाटलं तर त्याच संस्थेचं सोप्या भाषेतलं भाषांतर मिळतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'ही वाचायला सोपं आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३, त्यामुळे दोन प्रती शेजारी ठेवून गोंधळू नका. ह्या लेखात आलेली सगळी पुस्तकं दोन्हींत आहेत.

एक साधी वही आणि पेन. मोबाईलवर बायबल जरूर ठेवा, वाचता येत नसलेल्या आजी-आजोबांना ऐकवायला ते फार उपयोगी आहे. पण तुमचं रोजचं वाचन छापील प्रतीतून करा. फोनवर दोन वचनं वाचून होत नाहीत तोवर वरून कुणाचा तरी मेसेज उतरतो.

एक सोबती, म्हणजे तुमच्याहून थोडा पुढे गेलेला माणूस, ज्याच्यासमोर खरं बोलता येईल. आणि दिवसातला एक ठरलेला वेळ. पहाटेच हवा असं नाही. लोकलमध्ये बसायला जागा मिळत असेल तर तोही वेळ चालेल.

पायरी १: सुरुवात योग्य ठिकाणाहून करा

बायबल जाडजूड आहे म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात करणारे बरेच असतात. उत्पत्ती रंगून वाचतात, निर्गमाच्या अर्ध्यापर्यंत येतात, निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, मोजमापांत अडकतात आणि लेवीयात थांबतात. तुम्ही लूककृत शुभवर्तमानापासून सुरू करा. २४ अध्याय आहेत, रोज एक घेतला तरी महिन्याच्या आत होतं. त्यानंतर योहानाचं पहिलं पत्र घ्या, पाचच अध्यायांचं आहे. मग मत्तयाचे ५ ते ७ हे अध्याय, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन.

ह्याच तीन अध्यायांनी नारायण वामन टिळकांना धरून ठेवलं होतं. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. ते वाचायला लागले, आणि डोंगरावरच्या प्रवचनातल्या प्रेमाच्या शब्दांपासून त्यांना दूर होता येईना. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत कोळून प्यायलेला कवी होता तो, त्यामुळे "बायबल अडाण्यांसाठी असतं" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

दोन सवयी पहिल्याच दिवशी टाळा. डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजच्यासाठी समजायचं, ही एक. सकाळी व्हॉट्सॲपवर आलेलं फुलांच्या चित्रावरचं वचन पुढे पाठवून वाचन झालं असं मानणं, ही दुसरी. त्या वचनाच्या मागे-पुढे काय आहे, कोण कुणाला बोलतंय, हे कळल्याशिवाय ते मनाला लागत नाही.

पायरी २: गोष्टीत स्वतःला शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, म्हणून हिच्यावर जरा थांबते.

लूकच्या सातव्या अध्यायाचा शेवट काढा, वचन ३६ ते ५०. शिमोन नावाच्या परूश्यानं, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसानं, येशूला जेवायला बोलावलंय. त्या काळी पंगतीत डाव्या कुशीवर रेलून जेवत, पाय मागच्या बाजूला पसरलेले असत. गावात बदनाम झालेली एक बाई आत येते. तिच्या हातात सुगंधी तेलाची कुपी आहे. ती येशूच्या पायाशी मागे उभी राहून रडते, आसवांनी त्याचे पाय भिजतात, ती आपल्या केसांनी ते पुसते, त्यांचे मुके घेते, वर तेल लावते. शिमोन तोंडानं काही बोलत नाही, मनात म्हणतो की हा संदेष्टा असता तर ही कोण आहे ते ह्याला कळलं असतं.

येशू त्याला दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो. एकाकडे पाचशे दिनार येणं होतं, दुसऱ्याकडे पन्नास. दोघांकडेही फेडायला काही नव्हतं, सावकारानं दोघांनाही सोडलं. जास्त प्रेम कोण करेल? शिमोन सावधपणे उत्तर देतो, ज्याला जास्त सोडलं तो, असं वाटतं. मग येशू त्या बाईकडे वळतो आणि बोलतो मात्र शिमोनाशी: ही बाई तुला दिसते ना? मी तुझ्या घरात आलो, तू पायांना पाणी दिलं नाहीस.

आपल्या गावाकडे अजूनही पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला तांब्या पुढे येतो. तो न देणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही. शिमोनानं जेवण घातलं, पण मान दिला नाही. चुंबन नाही, डोक्याला तेल नाही. त्यानं हे मुद्दाम केलं असंही लिहिलेलं नाही. त्याला त्याची गरजच वाटली नाही. आणि मग येतं ४७वं वचन: ज्याला थोडं माफ झालं आहे तो थोडं प्रेम करतो.

आता वही उघडा आणि स्वतःला विचारा, ह्या खोलीत मी कुठे बसलोय? नव्या वाचकांपैकी बहुतेक जण लगेच म्हणतात, "मी त्या बाईसारखा." थोडं थांबा. गेल्या आठवड्यात कुणाला बघून तुमच्या मनात "हे असलं माणूस इथे कशाला?" असं आलं, ते आठवा. आपण दोघंही असतो, शिमोन आणि ती बाई. शिमोनाचं कर्जसुद्धा माफ झालं होतं. त्याचा हिशेब त्यानं मांडलाच नव्हता, म्हणून त्याचं प्रेम बेतशीर राहिलं.

प्रेम आतून येत नाही ह्या तक्रारीचं मूळ मला तरी बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे. आपल्याला काय माफ झालंय ते आपण कधी नावानिशी लिहिलेलं नसतं. म्हणून लिहा. "हे प्रभू, मी पापी आहे" असं मोघम नको. कुणाला काय बोललात, कुणाचं काय ठेवून घेतलंत, कुणाच्या पाठीमागे काय पसरवलंत, एकेका ओळीत. लिहिताना ५१वं स्तोत्र जवळ ठेवा. त्यातली दहाव्या वचनाची मागणी, माझ्यात शुद्ध हृदय निर्माण कर, हीच तुमची मागणी होऊ द्या. कॅथलिक असाल तर हे पान पापनिवेदनाला जाताना फार कामाला येतं. प्रोटेस्टंट असाल तर सोबत्यासमोर किंवा पाळकांसमोर त्यातलं जे सांगता येईल ते सांगा. नंतर पान फाडून टाकलंत तरी चालेल.

इथला धोका एकच, पण मोठा आहे: वचन दुसऱ्यासाठी वाचणं. "हे माझ्या जावेनं वाचायला पाहिजे होतं" असं मनात आलं की समजा, गाडी रुळावरून घसरली. तोच परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचा.

पायरी ३: प्रेमासाठी एक माणूस ठरवा

सगळ्या जगावर प्रेम करणं सोपं असतं, कारण सगळं जग आपल्या घरी येत नाही. तुम्ही एकच माणूस निवडा. ज्याचं नाव फोनवर दिसलं की कपाळाला आठी पडते, असा कुणीतरी. फार जुनी आणि खोल जखम असेल तर तो माणूस पहिल्यांदा घेऊ नका, थोड्या अवघड नात्यापासून सुरुवात करा.

वहीत रोजच्या वाचनाखाली तीन ओळी लिहायच्या: इथे देव काय करतोय? ह्यात मी कोण? आज त्या माणसाच्या बाबतीत काय? आमच्या अभ्यासगटातल्या एका शेतकरी भावानं आपलं पान आम्हाला वाचून दाखवलं होतं. त्यांच्या चुलतभावानं बांध कोरला होता आणि दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद होतं. पान उधळ्या मुलाच्या गोष्टीवरचं होतं; धाकटा परत आला म्हणून घरात पंगत आहे आणि थोरला भाऊ रुसून बाहेर उभा आहे:

"लूक १५:२५-३२. देव: बाप पंगत सोडून बाहेर येतो, रुसलेल्या थोरल्याची समजूत घालतो. मी: थोरला. अंगणात उभा, आत गाणं चालू. आज: तो बांधावर दिसला तर वाट बदलायची नाही."

एवढंच. 'जाऊन मिठी मारायची' असं त्यांनी लिहिलं नाही, हे मला फार आवडलं. उद्या खरोखर करता येईल तेवढंच लिहा.

पायरी ४: राग देवासमोर मांडा, झाकून ठेवू नका

ख्रिस्ती झालो म्हणजे रागावायचं नाही, असा समज नव्या माणसांत घट्ट असतो. मग राग आत जातो आणि दुसऱ्याच ठिकाणी फुटतो. शास्त्र तसं सांगत नाही. ५५वं स्तोत्र मोठ्यानं वाचा. वैऱ्यानं निंदा केली असती तर सोसलं असतं, पण हा तर माझा जिवाभावाचा मित्र, बरोबर मंदिरात जाणारा, असं तिथे कळवळून म्हटलंय. १०९वं आणि १३७वं स्तोत्र वाचताना तर तुम्ही दचकाल, इतके कडक शब्द आहेत. ते शब्द माणसाच्या तोंडावर फेकलेले नाहीत, देवापुढे ठेवलेले आहेत, आणि हाताळायचं काम त्याच्यावर सोपवलेलं आहे. तुमचाही राग तसाच ठेवा, आहे त्या शब्दांत.

मग त्याच बैठकीत त्या माणसासाठी प्रार्थना करा. मत्तय ५:४४ मध्ये शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा आणि छळणाऱ्यासाठी प्रार्थना करण्याची आज्ञा एकाच वाक्यात येते. "त्याला सद्बुद्धी दे" ही प्रार्थना नको. तिच्यात आपली तक्रारच लपलेली असते. त्याच्या मुलाची परीक्षा, त्याच्या आईचं दुखणं, त्याचं थकलेलं कर्ज, जे ठाऊक असेल ते नाव घेऊन मागा. मन साथ देत नसलं तरी मागा. काही आठवड्यांनी ती आठी जरा सैल पडलेली जाणवते. ती कधी सैल झाली, ते मात्र नेमकं सांगता येत नाही.

पायरी ५: क्षमेचा हिशेब नीट समजून घ्या

मत्तय १८:२१-३५. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू त्यावर एका नोकराची गोष्ट सांगतो. त्याचं राजाला देणं दहा हजार तालांत होतं. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं झालं. राजा ते सोडून देतो. बाहेर पडल्यावर ह्या नोकराला दुसरा नोकर भेटतो, त्याच्याकडे ह्याचे शंभर दिनार येणं असतं. हा त्याचा गळा धरतो.

उपदेश ऐकताना आपल्याला शंभर दिनार म्हणजे किरकोळ वाटतात. तसं नाही. शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांहून जास्त राबल्याचे पैसे. हातावर पोट असलेल्या माणसाचे तेवढे बुडाले तर घर हलतं. तुमचं झालेलं नुकसान खरं आहे, हे येशूची गोष्ट नाकारत नाही. ती त्याला त्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवते. म्हणून कुणी तुम्हाला "जाऊ दे, काही झालंच नाही असं समज" म्हणालं तर ते ऐकू नका. काहीच झालं नसेल तर माफ काय करायचं?

इथे एक इशारा फार गंभीरपणे देते. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. नवरा मारतो आहे, घरातला कुणी लेकरांना त्रास देतो आहे, आणि "शास्त्रात क्षमा करा लिहिलंय" म्हणून बाईला परत पाठवलं जातं, असं होताना मी पाहिलं आहे, आणि ते वचनाचा दुरुपयोग करून केलेलं पाप आहे. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. मनातली क्षमा पुढे, देवाच्या वेळेनं होईल. ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरमध्ये त्यांचे पती ग्रॅहॅम आणि फिलिप, तिमथी ही दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि बारीपदातल्या कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला, कायद्यानं शिक्षा झाली, आणि त्या दोन गोष्टींत त्यांनी कधी गल्लत केली नाही.

पायरी ६: हातानं काहीतरी करा

नुसतं वाचन साठत गेलं की माणूस वचनं पाठ म्हणणारा होतो. याकोबानं पत्राच्या पहिल्याच अध्यायात ह्याची सूचना दिली आहे: ऐकणारेच राहू नका, करणारे व्हा. करायचं काय, हे शोधायला आता लेवीयाचा १९वा अध्याय उघडा, ज्या पुस्तकात लोक थांबतात असं मी वर म्हणाले तेच. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर, ही आज्ञा इथून येते (१९:१८). तिच्या आजूबाजूला काय आहे बघा. शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी ठेव. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नकोस. बहिऱ्याला शिव्या देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नकोस. परका तुझ्यात राहतो त्याच्यावरही स्वतःसारखं प्रेम कर. इथलं प्रेम शेतात, वाटेवर आणि मजुरीच्या पैशांत दिसतं. घरकामाच्या ताईंचा पगार एक तारखेला हातात देणं हे ह्या अध्यायाचं पालन आहे, आणि तो दहा तारखेपर्यंत लांबवून प्रार्थनासभेला जाणं हे त्याचं उल्लंघन.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे वाचन आणि हे करणं कसं एकमेकांत गुंतलं, ते प्रत्येक नव्या विश्वासणाऱ्यानं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलम इथे ख्रिस्ती भगिनी 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या बायकांचा सांभाळ करत होत्या, ते त्यांनी पाहिलं. अशा बायकांवर इतकी माया कोण करतं आणि का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी (यहुदी ज्यांना कमी लेखत त्या समाजातल्या) बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. आधी प्रेम डोळ्यांनी दिसलं आणि मग वचनानं त्याचं मूळ दाखवलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना घर मिळालं, आणि फुलमला पाहिल्या तशा बायकांसाठी कृपासदन उभं राहिलं. त्याच केडगावात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम जेमतेम हातावेगळं झालं होतं.

तुमचं पाऊल लहान असेल, पण ते आठवड्यातून एक तरी असू द्या, आणि ते करताना फोटो काढू नका.

पायरी ७: मंडळी सोडू नका

एकट्यानं वाचलं की आपल्या आवडीची वचनंच पुन्हा पुन्हा वाचली जातात. मंडळीत नको असलेली माणसं आपल्या शेजारी बसतात, आणि प्रेमाचा सराव तिथेच होतो.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी, नाहीतर नंतर धक्का बसतो. आपल्याकडच्या मंडळ्यांतही पूर्वीची जात पुरती गेलेली नाही. सोयरीक जुळवताना ती हळूच विचारली जाते. श्रीमंत पाहुण्याला पुढची खुर्ची मिळते आणि चपला झिजलेला मागे उभा राहतो. याकोबानं हेच चित्र जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय (२:१-४), सोन्याच्या अंगठीसकट. ते बघून निघून जाऊ नका, आणि तसं वागूही नका. उपासनेनंतर चहाच्या वेळी ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याच्याजवळ जाऊन बसा. प्रभुभोजनाला जाण्याआधी मत्तय ५:२३-२४ आठवा: अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करून ये. मंडळीतच कुणाशी अबोला असेल तर त्या रविवारच्या आधीच त्याच्या घरी जा.

पायरी ८: वेळ लागतो, तो लागू द्या

लक्ष्मीबाई टिळक नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्यावरही सुरुवातीला सोवळंओवळं पाळत होत्या. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या हातचं नाही, ह्या भिंती एकेक करून पडल्या, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंनी तर आपल्या साक्षीत सांगितलंय की बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. एवढ्या बुद्धीच्या आणि एवढ्या प्रामाणिक बायकांना वर्षं लागली. तुम्हाला तीन महिन्यांत काही वाटलं नाही म्हणून वही कोपऱ्यात टाकू नका.

बदल होतोय का ते बघायला गलतीकरांस ५:२२-२३ मधली यादी घ्या: प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. स्वतःला गुण देत बसू नका. घरातल्या माणसाला विचारा, "मी हल्ली कसा वागतोय?" लेकरं सगळ्यात खरं सांगतात.

अधूनमधून रखरखीत काळ येतो, वचन कोरडं लागतं, प्रार्थना छतापर्यंतही जात नाही असं वाटतं. अशा वेळी वाचन कमी करा, बंद करू नका. एक लहान स्तोत्र पुरे. १३वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे आणि "किती वेळ, परमेश्वरा?" असंच सुरू होतं.

ह्या सगळ्यानंतर पुढचं वाचन म्हणून फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. एकच अध्याय, २५ वचनं, एका बैठकीत होतं. घरातून निघून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासाला पौल परत पाठवतो आहे आणि मालकाला सांगतो आहे की आता त्याला दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घरात घे. त्यानं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड. वहीतल्या तीन ओळी ह्या पत्राखाली लिहून बघा.

आणि कुठे अडलात तर पाळकांना किंवा फादरना भेटा. रविवारी उपासनेनंतर त्यांच्याभोवती गर्दी असते, म्हणून आठवड्यातला एखादा दिवस आधी फोन करून ठरवा. वही सोबत न्या, म्हणजे नेमकं कुठल्या वचनापाशी अडलंय ते दाखवता येईल.